बुलढाण्याचा टेम्पो आणि भास्कराचार्यांचा जवळचा रस्ता

रमजानचा पहिला आठवडा सरला की आमच्या मोहल्ल्यात किट बांधायचं काम सुरू होतं. पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापत्ती, शेवया आणि खजूर. तरावीहची नमाज झाली की पोरं सतरंजी अंथरून बसतात आणि सहरीच्या आधी शंभरेक पिशव्या तयार होतात. यंदा ठरलं की, ही किट जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांच्या गावी पोहोचवायची. टेम्पो मात्र एकच. बुलढाण्यातून निघायचं, बाकीची बारा गावं करायची आणि परत यायचं.

आता आधी कुठं जायचं? एक बुजुर्ग म्हणाले, आधी घाटाखालचं उरका: मोताळा, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, खामगाव. दुसऱ्यांचं मत, आधी घाटावरचं: चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. तिसरे म्हणाले, एवढा काय विचार करायचा, जाईल तिकडं जाऊ द्या. पण डिझेल लोकांनी दिलेल्या पैशातून जळणार होतं. पन्नास किलोमीटर उगाच फिरलं, तर तेवढ्या पैशात एखाद्या घरचं किट वाढलं असतं. म्हणजे प्रश्न नुसता रस्त्याचा नव्हता, अमानतीचा होता.

इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या आमच्या एका पोरानं किटच्या यादीच्या पाठीवर हिशोब मांडला. पहिलं गाव बारांपैकी कोणतंही, दुसरं उरलेल्या अकरांपैकी, तिसरं दहांपैकी. हे सगळे आकडे एकमेकांनी गुणत गेलं की एकूण क्रम होतात ४७,९०,०१,६००. उलटसुलट फेरी सारखीच धरली, तरी चोवीस कोटींच्या आसपास उरतातच. सेकंदाला एक क्रम तपासत बसलं, तर सगळे तपासायला पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. ईद तर तीन आठवड्यांवर आलेली!

वाचकहो, हा गुणाकाराचा नियम पावणेनऊशे वर्षांपूर्वी ज्यांनी आपल्या पुस्तकात सोप्या उदाहरणांनी शिकवला, त्या भास्कराचार्यांची गोष्ट आज सांगायची आहे. शाळेत आपण त्यांचं नाव ऐकतो, लीलावती हे नावही ऐकतो, आणि पुढं जातो. या माणसाचं खरं मोठेपण कशात होतं, ते आमच्या टेम्पोच्या निमित्तानं मला नव्यानं कळलं.

बापाकडून मिळालेलं इल्म

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या कुशीतल्या विज्जडवीड नावाच्या गावचे आपण, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. घराणं विद्वानांचं. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू, आणि त्याचा कृतज्ञ उल्लेख त्यांनी केला आहे. घरात ग्रहगणित, पंचांग, काव्य, व्याकरण यांचा राबता होता. मूल जसं घरातली भाषा उचलतं, तसं भास्करांनी गणित उचललं असावं.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग. लीलावतीत अंकगणित आणि मोजमाप, बीजगणितात अज्ञात संख्या शोधायच्या रीती, ग्रहगणितात ग्रहांच्या गती आणि गोलाध्यायात गोलाचा विचार. या ग्रंथावर त्यांनी स्वतःच टीकाही लिहिली, म्हणजे नियम कुठून आला हे शिकणाऱ्याला कळावं. पुढं जवळपास सत्तरीत, ११८३ च्या सुमारास, करणकुतूहल नावाचं छोटं पुस्तक लिहिलं. पंचांग करणाऱ्यांना मोठ्या ग्रंथातला लांबलचक हिशोब पेलत नाही, त्यांच्यासाठी हे हिशोबाचं सुटसुटीत हातपुस्तक होतं. कष्ट कमी करून बरोबर उत्तर कसं मिळवायचं, हा ध्यास त्या वयातही सुटला नव्हता.

लीलावतीची पद्धतही तशीच. श्लोक पावणेतीनशेच्या आसपास, पण उदाहरणं सगळी जगण्यातली: भुंगे, हंस, कमळ, मोर आणि साप, व्यापारी, व्याज, धान्याच्या राशी. शिकणाऱ्याला भीती वाटू नये, याची काळजी पानोपानी दिसते.

आठ दारं आणि दहा हात

आमच्या टेम्पोशी ज्यांचा थेट संबंध आहे, अशी दोन उदाहरणं लीलावतीत आहेत.

पहिलं राजवाड्याचं. वाड्याला आठ दारं आहेत. त्यातली एक, दोन, तीन किंवा कितीही उघडी ठेवायची, तर एकूण किती प्रकार होतील? प्रत्येक दार उघडं किंवा बंद, म्हणून आठ वेळा दोनाचा गुणाकार २५६, आणि सगळीच बंद असा एक प्रकार वजा. उत्तर २५५. त्याच्याच जोडीला सहा रसांचं उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट या सहा चवी मिसळून किती प्रकार होतील? उत्तर ६३. इफ्तारच्या दस्तरख्वानवर खजूर, कैरीचं पन्हं, भजी आणि फळांची चाट बघताना हे उदाहरण आठवून पाहा.

दुसरं उदाहरण क्रमाचं. शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू आहेत. त्या एकमेकांच्या जागी ठेवत गेलं, तर मूर्तीचे किती वेगवेगळे प्रकार होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या चार वस्तूंचे प्रकार मात्र फक्त २४. चारावरून दहावर गेलो, तर चोवीसवरून छत्तीस लाखांवर पोहोचलो. या प्रकरणाला त्यांनी अंकपाश असं नाव दिलं आहे, आणि त्यातला पाश हा शब्द किती योग्य आहे ते आमच्या पोराला त्या रात्री कळलं. गावं वाढली की क्रमांचा फास असाच आवळत जातो.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. कोण निवडलं एवढंच मोजलं, तर आकडा आटोक्यात राहतो. कोणत्या क्रमानं निवडलं हे मोजलं, की तो हाताबाहेर जातो. हिशोबाला बसण्याआधी ढीग केवढा आहे ते मोजा, ही भास्कराचार्यांची पहिली शिकवण. दुसरी त्याहून मोठी आहे: ढीग मोठा असेल तर तो उपसत बसू नका, वाट शोधा. ती त्यांच्या बीजगणितात दिसते.

एकसष्टचं कोडं

एक संख्या घ्या. तिचा वर्ग करा. त्याला ६१ नं गुणा. त्यात १ मिळवा. आलेली संख्या पुन्हा एखाद्या संख्येचा पूर्ण वर्ग असली पाहिजे. अशी संख्या शोधा.

ऐकायला पोरखेळ वाटतो. १ घेतला तर ६२ येतात, तो वर्ग नाही. २ घेतला तर २४५, तोही नाही. तीन, चार, पाच करत बसलात, तर हाती काही लागणार नाही. कारण या कोड्याचं सगळ्यात लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८०. एकेक संख्या तपासत गेलं, तर बावीस कोटींहून अधिक वेळा तोच हिशोब करावा लागेल. माणसाचं आयुष्य त्याला पुरणार नाही.

भास्कराचार्यांनी याचं उत्तर ज्या रीतीनं काढून दाखवलं, तिला चक्रवाल म्हणतात. ती सगळीच त्यांची स्वतःची नव्हती. सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तांनी या प्रकारच्या कोड्यांचा पाया घातला होता, आणि जयदेव नावाच्या गणितींनी चक्राची रीत आधीच मांडली होती. भास्कराचार्यांनी ती नेटकी करून अवघड उदाहरणांवर चालवून दाखवली.

रीत समजायला सोपी आहे. आधी उत्तराच्या जवळपासचं काहीतरी धरायचं. १ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे ६१. ८ चा वर्ग ६४. फरक ३ चा. पाहिजे होता १ चा, आला ३ चा, म्हणजे चुकलं. पण थोडक्यात चुकलं. आता या चुकीचाच उपयोग करायचा. अशी एक संख्या निवडायची, जी ८ मध्ये मिळवली की बेरजेला ३ नं पूर्ण भाग जाईल. १, ४, ७, १० अशा पुष्कळ संख्या चालतात. यातली कोणती घ्यायची? जिचा वर्ग ६१ च्या सगळ्यात जवळ असेल ती. १ चा वर्ग १, ४ चा १६, ७ चा ४९, १० चा १००. सगळ्यात जवळ ४९, म्हणून ७ घ्यायचा.

या सातावरून पुढची जोडी मिळते ती ५ आणि ३९ ची. पडताळून पाहा: ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५. ३९ चा वर्ग १५२१. फरक ४ चा. आणि फरक ४ वर आला, की तिथून थेट उत्तराला नेणारी वाट ब्रह्मगुप्तांनी आधीच आखून ठेवली होती. तिथून उत्तर निघतं: २२,६१,५३,९८० चा वर्ग गुणिले ६१ अधिक १ बरोबर १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग.

बावीस कोटी पायऱ्यांचा जिना एका वहीच्या पानावर आला. यात कसलीही करामत नाही. प्रत्येक वळणावर अनेक वाटा असतात, त्यातली उद्दिष्टाच्या सगळ्यात जवळ नेणारी निवडायची आणि हातून झालेली चूक पुढच्या पावलाची शिडी करायची, एवढंच. हेच ६१ चं कोडं फ्रान्सच्या फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींपुढं आव्हान म्हणून ठेवलं. इकडं ते सुटून पाचशे वर्षं झाली होती, पण तिकडं कुणाला खबर नव्हती.

अशा कामाला आज आपण अल्गोरिदम म्हणतो. हा शब्द बगदादच्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. नवव्या शतकात त्यांनी भारतीय अंकांनी हिशोब कसा करायचा यावर पुस्तक लिहिलं. ते लॅटिनमध्ये गेलं तेव्हा लेखकाचं नावच हिशोबाच्या रीतीचं नाव होऊन बसलं. अंक इथले, नाव तिथलं.

नातवाचा मठ

भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. यादव राजा जैत्रपाळ यानं त्यांना दरबारी पंडित म्हणून नेलं. लक्ष्मीधरांचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवांचा प्रमुख ज्योतिषी झाला. मुक्ताबाईंच्या कथेतले चांगदेव ते वेगळे.

बुलढाणा ज्या अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलं आहे, तीच रांग पश्चिमेला चाळीसगावकडं जाते. तिथं पाटण नावाचं ठिकाण आहे, ज्याला आपण पाटणादेवी म्हणून ओळखतो. या पाटणमध्ये चांगदेवानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख त्याची साक्ष देतो. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी देणग्यांचा तपशील आला की तो त्या काळच्या मराठीत बोलू लागतो. बाजारातल्या मालावरचा ठरावीक हिस्सा, घाणीच्या तेलाचं माप, अशा देणग्या मठाला लावून दिल्या होत्या. आपण ज्याला वक्फ म्हणतो, त्याच धाटणीची ही व्यवस्था. गणित शिकणाऱ्या पोरांच्या पोटाची सोय तेलवाल्यानं आणि दुकानदारानं करायची.

एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख उजेडात आणला. आज मठ नाही, शिकणारी पोरं नाहीत, घाणीचं तेलही नाही. दगड तेवढा राहिला. मग भास्कराचार्यांचं गणित जगलं कसं?

फारसीच्या वाटेनं

ते जगलं, कारण लोकांनी ते उतरून घेतलं, त्याच्यावर टीका लिहिल्या आणि दुसऱ्या भाषांत नेलं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी, १५८७ मध्ये, अकबर बादशहाच्या हुकमावरून फैजी यांनी लीलावती फारसीत आणली.

फैजी दरबारचे मोठे शायर. अबुल फजल हे त्यांचे धाकटे भाऊ. ज्यांच्या आईन-ए-अकबरीत वऱ्हाडच्या वर्णनात आपल्या लोणारचाही उल्लेख आहे. पुढं १५९१ मध्ये फैजी बादशहाचे वकील म्हणून खानदेश आणि अहमदनगरच्या दरबारांत आले. खानदेशची राजधानी बऱ्हाणपूर, आणि जळगाव जामोदवाल्यांना बऱ्हाणपूर काही लांब नाही.

लीलावतीची जी गोष्ट आपल्याला ठाऊक आहे, ती याच फारसी पुस्तकाच्या प्रस्तावनेतून पसरली. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा शुभ क्षण एकच होता. तो चुकू नये म्हणून घटिकापात्र ठेवलं. मुलगी कुतूहलानं पात्रात डोकावली, अंगावरचा एक मोती निसटून आत पडला आणि पात्राचं भोक बुजलं. पाणी आत शिरलं नाही, पात्र बुडालं नाही, क्षण निघून गेला. दुःखी बापानं मुलीला वचन दिलं की, तुझ्या नावाचं पुस्तक लिहीन, ते तुझ्यामागंही राहील.

मूळ संस्कृत ग्रंथात ही कहाणी नाही. पण ज्याला सहरीचा शेवटचा मिनिट आणि इफ्तारचा पहिला मिनिट ठाऊक आहे, त्या रोजेदाराला ती लगेच भिडते. एक क्षण गेला म्हणजे काय गेलं, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

बीजगणिताचा प्रवास याहून नवलाचा. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी यांनी ते फारसीत आणलं आणि शहाजहान बादशहाला अर्पण केलं. हे अताउल्लाह ताजमहालाचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, बीबी का मकबरा त्यांनीच बांधला. सहलीला गेल्यावर आपण त्या घुमटाचे फोटो काढतो. तो उभारणाऱ्या माणसानं एकसष्टचं कोडंही फारसीत उतरवलं होतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. आणि १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची यांनी बीजगणित इंग्रजीत छापलं, ते या फारसीवरूनच. संस्कृतातून थेट इंग्रजीत आणणारे कोलब्रुक चार वर्षांनी आले.

टेम्पो निघाला

भास्कराचार्यांनी गावांच्या फेरीचं कोडं कधी सोडवलं नव्हतं. त्यांच्या नावावर नसलेलं काही चिकटवायची गरजही नाही. पण आमच्या पोरानं जी रीत वापरली, ती त्या दोन उदाहरणांच्या मधोमध बसते. १९६२ मध्ये अमेरिकेत बेलमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्ड व कार्प यांनी ती मांडली.

समजा, टेम्पो लोणारला उभा आहे आणि चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा करून आला आहे. ही तीन गावं तो सहा वेगवेगळ्या क्रमांनी करू शकला असता. पण पुढच्या प्रवासाला त्याच्याशी काय देणंघेणं? सहांतला सगळ्यात कमी अंतराचा क्रम ठेवायचा, बाकीचे पाच तिथंच सोडून द्यायचे. कोणती गावं झाली आणि आता कुठं उभे आहोत, एवढंच टिपत जायचं. म्हणजे दहा हातांचा हिशोब आठ दारांच्या हिशोबाकडं वळवायचा. सत्तेचाळीस कोटी क्रमांच्या जागी २४,५७६ नोंदी पुरतात आणि तीन लाखांपेक्षा कमी बेरजा. लॅपटॉपवर ते काम चहा थंड व्हायच्या आत झालं.

गावं शे-दोनशे झाली, तर ही रीतही थकते. कितीही गावं असली तरी हमखास लवकर उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि तशी असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. शोध चालूच आहे. त्यात आपली माणसंही आहेत. १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी याच्या शेजारच्या एका प्रश्नाला नवी वाट काढली. आधीची रीत शक्य उत्तरांच्या आकाराच्या कडेकडेनं, कोपऱ्याकोपऱ्यानं जायची. त्यांची रीत थेट आतून जाते.

फज्रनंतर टेम्पो निघाला. ठरलेल्या क्रमाची चिठ्ठी ड्रायव्हरच्या खिशात होती. एके ठिकाणी पुलाचं काम चालू असल्यानं वळसा पडला, तरी बुजुर्गांच्या अंदाजापेक्षा डिझेल कमी लागलं. वाचलेल्या पैशात आणखी काही किट बांधली गेली. किती, ते विचारायचं नसतं.

पोराची धाकटी बहीण दहावीला आहे. गणिताचं नाव काढलं की ती उठून जायची. त्या दिवशी मी तिला एकसष्टचं कोडं घातलं, सात का निवडला ते सांगितलं आणि उत्तर लपवून ठेवलं. असरनंतर ती त्याच किटच्या यादीचा कागद घेऊन बसली. ३९ चा वर्ग तिनं दोनदा पडताळला. मगरिबचा भोंगा झाला, घरातल्यांनी खजूर उचलली, आणि तिच्या आईला तिला दोन हाका माराव्या लागल्या.